कांद्याची पोळ, चैत्रातलं आभाळ आणि रघुवीर खेडकरांचा फड



आजच्या नोंदीत फवारणी नाही, खताचा डोस नाही. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू राह्यलं, उन्हाळ कांद्याची लागवड उरकली, थंडी बरी आहे. शेताची हकिकत एवढीच. खरी गोष्ट वेगळी आहे. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी पद्म पुरस्कारांची यादी आली आणि तिच्यात आपल्या शेजारच्या संगमनेरचे रघुवीर खेडकर दिसले. तमाशातल्या सोंगाड्याला पद्मश्री! मी बांधावर उभा राहून मोबाईल दोनदा वाचला आणि मग मोटार चालू करायची राहून गेली, ती अर्ध्या तासानं केली.

आपल्या पेजवर बरेच कृषी विद्यापीठवाले आहेत, नवीन पोरं आहेत. त्यांच्यातल्या निम्म्यांना तमाशा म्हणजे लावणी एवढंच ठाऊक असतं. तसं नाही. आधी गण होतो, गणपतीला नमन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. मग गाणी आणि बतावणी. आणि सगळ्यात शेवटी वग, म्हणजे अख्खं नाटक. या सगळ्याला शिवून ठेवणारा दोरा म्हणजे सोंगाड्या. त्याला गाता येतं, नाचता येतं, ढोलकीच्या बोलावर शब्द बसवता येतो, आणि राजाला राजाच्या तोंडावर येडा ठरवता येतं. आमच्या आजोबांच्या तोंडी कायम काळू-बाळू असायचे. कवलापूरचे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. त्यांच्या 'जहरी प्याला' वगातले दोन हवालदार आजोबा बैल सोडता-सोडता करून दाखवायचे, दोन्ही आवाजांत. माझी पिढी रघुवीर खेडकरांची. वडील तुकाराम खेडकर आणि आई कांताबाई सातारकर, दोघंही तमाशातले मोठे कलावंत. तुकाराम खेडकर १९६४ साली गेले, तेव्हापासून कांताबाईंनी जे निभावलं ते लिहायला वेगळी नोंद लागेल. बाई पुरुषांच्या भूमिकाही करायच्या, आणि जुनी माणसं सांगतात की स्टेजवर आल्या की मैदान गप व्हायचं.

मी या फडाच्या मागं किती जत्रा फिरलो त्याचा हिशेब घरच्यांना सांगितलेला नाही, इथंही सांगत नाही. पण एक दिवस लिहून ठेवतो. एप्रिल २०२२ मधला.

त्याआधीची दोन वर्षं आठवा. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. आपली द्राक्षं वेलीवर राहिली, ते आपल्याला पाठ आहे. पण नारायणगावला काय झालं ते फार जणांना माहीत नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं येतात, राहुटीत बसतात, चहा घेतात, घासाघीस करतात आणि जत्रेची सुपारी देऊन जातात. फडाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत असतो, पण तंबू ठोकून तिकिटावर खेळ करायचे त्यात कसाबसा खर्च निघतो. खरा पैसा चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा. दसऱ्याच्या आधी फडमालक व्याजानं रक्कम उचलतो, त्यातून कलावंतांना उचल देतो, ट्रकांची डागडुजी करतो, आणि चैत्रात फेडतो. आपण ऑक्टोबर छाटणीला सोसायटी उचलतो आणि मार्चमध्ये फेडतो, तोच हा धंदा. फक्त त्यांच्याकडं सातबारा नाही. तर त्यांचा मार्च २०२० ला गेला, २०२१ लाही गेला. त्यात २५ मे २०२१ ला संगमनेरात कांताबाई गेल्या.

२०२२ ला १ एप्रिलपासून राज्यातले निर्बंध उठले आणि २ तारखेला पाडवा. मामांचा फोन आला, "भाचे, जत्रा करू राह्यलो. फड कोणता आणलाय ते सांगत नाही, तू वळख." मी ओळखला.

मामाचं गाव सिन्नरच्या पूर्व भागातलं, कोरडवाहू. मामा यात्रा कमिटीत. सुपारी लाखाच्या वर. कमिटीतली पोरं ऑर्केस्ट्रा मागत होती, स्वस्त पडतो आणि नाचायला मिळतं म्हणून. कांद्याला त्या वेळी किलोला आठ-नऊ रुपये मिळत होते, त्यामुळे वर्गणी गोळा करताना मामांना दारोदार ऐकून घ्यावं लागलं होतं. तरी म्हातारे अडून बसले. दोन वर्षांनी देवाची पालखी निघणार आणि तमाशा नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. मामांनी शब्द टाकला होता की मैदान भरलं नाही तर पुढच्या वर्षी पोरांचं ऐकू.

आई दोन दिवस आधीच माहेरी गेली होती.

आता शेताचं. त्या दिवशी सकाळी माझा दोन एकर उन्हाळ कांदा उपटलेला रानात पडून होता. निम्म्यावर माना पडल्या तेव्हा काढणी धरली, पाणी त्याआधी पंधरा दिवस तोडलेलं. काढलेला कांदा ओळीत असा टाकायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी, म्हणजे उन्हाचा चटका बसत नाही. तीन-चार दिवस असा सुकवायचा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची, मग सावलीला दहा-बारा दिवस, आणि मग चाळ. हे मी इथं पन्नासदा लिहिलंय. लिहिणं सोपं आहे. सकाळी सातला पश्चिमेकडं आभाळ आलं की त्यातलं काहीच सुचत नाही.

सहा बाया मिळाल्या. एका एकराचा कांदा चौथ्या दिवसाचा होता, माना सुकलेल्या. तो कापून पोळ घातली, वरून पातीचा जाड थर. दुसरा एकर आदल्या दिवशी काढलेला, माना हिरव्या. तो कापता येत नव्हता. तो पातीसकट गोळा करून लहान-लहान ढीग केले आणि कागद काढून ठेवला. झाकला नाही. हिरव्या मानेचा कांदा दिवसा कागदाखाली ठेवला की घाम धरतो, आणि पावसानं गेला नसता तो आपल्या काळजीनं जातो. संध्याकाळी झाका, पहाटे उघडा, एवढं घरच्यांना आणि थोरल्याला सांगून मी साडेअकराला गाडीला किक मारली.

"अहो, जायलाच पाहिजे का?" एवढंच मागून आलं. त्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

तमाशा रात्री असतो, मग दुपारी कशाला जायचं, असं पुष्कळ जण विचारतात. ज्याला वेड आहे त्याला दुपारच पाहायची असते. मी पोचलो तेव्हा फडाचे ट्रक शाळेच्या मैदानात लागले होते. काही कलावंत ट्रकखालच्या सावलीत झोपलेले, रात्री दुसऱ्या गावाहून आलेले. एकीकडं मोठ्या पातेल्यात रस्सा शिजत होता, शंभराच्या आसपास माणसांचा. एक बाई लिंबाखाली लेकराला पाजत होती आणि शेजारी तिचे चाळ दोरीवर वाळत घातलेले. गडी स्टेजच्या फळ्या जोडत होते. कुणी कुणाला ओरडून काही सांगत नव्हतं. ज्याचं काम त्याला ठाऊक. आपल्याकडं द्राक्ष काढणीला बागवानाची जुनी टोळी आली की असंच असतं.

आणि मी ज्यासाठी येतो ते तिथंच दिसलं. फडाचा मॅनेजर चहाच्या टपरीवर बसला होता. बोलणं अगदी रिकामटेकडं वाटावं असं. यंदा पाऊस कसा होता, टँकर कधी सुरू होतो, कांद्याला काय भाव, सोसायटीची निवडणूक झाली का, बिनविरोध झाली की कशी, नवरदेवांना पोरी मिळतात का. टपरीवरचे चार जण आपापलं दुःख ओतत होते. आमचा कृषी सहायक प्लॉटवर आला की आधी मोबाईल काढतो. हा माणूस काहीच काढत नव्हता, पण तासाभरात त्यानं गावाचं माती परीक्षण करून नेलं. बतावणी लिहिलेली नसते. आराखडा जुनाच असतो, त्यात रोज गावाचं बी पडतं. म्हणूनच मी तोच फड पुन्हा पाहतो. वग मला पाठ आहे, पण मधलं काय येईल ते मला कळत नाही.

रात्री नऊला सुरुवात. मैदान भरलं होतं. मामा स्टेजच्या कडेला हात मागं बांधून उभे, चेहऱ्यावर लग्नातल्या पोरीच्या बापाचा भाव. पाटीवर कांताबाईंचं नाव तसंच होतं, आधी त्यांचं, मग रघुवीर खेडकरांचं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं ती पाटी बघून टोपी काढली आणि परत घातली. बोलला काहीच नाही.

डाव्या अंगाला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या लावून बायांची बसायची सोय होती, कमिटीच्या एका शिक्षकाच्या डोक्यातून निघालेली. आणि तिथं आई! मला वाटलं नव्हतं. आमच्या आईनं सत्तरीपर्यंत तमाशा पाहिलेला नव्हता, ऐकलेला मात्र भरपूर. याच गावात ती लहानाची मोठी झाली. जत्रेच्या रात्री पुरुष मैदानात, बाया घराच्या धाब्यावर. वाऱ्यावर आवाज यायचा तेवढा तमाशा. तिला कितीतरी गवळणी चालीसकट येतात, ढोलकी कुठं तुटते ते येतं, फक्त समोर काय चालतं ते कधी दिसलेलं नव्हतं. गवळण सुरू झाली, मावशी आली, कमरेवर हात ठेवून नुसती चालली, आणि ट्रॉलीत जो हशा पिकला त्यात आईचा आवाज मला वेगळा ऐकू आला. नंतर पाण्याची बाटली द्यायला गेलो तर म्हणाली, "हे एवढंच असतं व्हय? आन् यासाठी आम्हाला येऊ देत नव्हते?"

मला काय बोलावं सुचलं नाही. शेजारची मामी म्हणाली, "सरक तिकडं, दिसंना."

गाणी झाली. मग बतावणी, आणि रघुवीर खेडकर आले. त्यांचे विनोद इथं लिहून काढणार नाही. सोंगाड्याचा विनोद कागदावर उतरवला की ओल्या कांद्यासारखा होतो, वरून बरा, आतून गेलेला. पण काम कसं होतं ते सांगतो. ते घाई करत नाहीत. समोरच्यानं वाक्य टाकलं की ते ऐकतात, खरंच ऐकतात, आणि मग ऐकलेलं त्यांच्या तोंडावर हळूहळू पसरतं. आपण तिथंच हसायला लागतो. शब्द नंतर येतो. तोवर ढोलकीवाला एक थाप राखून बसलेला असतो, ती बरोबर शब्दाच्या शेपटीवर पडते. दुपारी टपरीवर सांडलेलं सगळं एकेक करून वर आलं. भाव आला, टँकर आला, लग्नाळू पोरं आली. टपरीवर ज्या गोष्टी सांगताना माणसांची तोंडं कडू झाली होती, त्याच ऐकून तीच माणसं मांड्यांवर हात मारत होती. कुणा एकाचं नाव घेतलं नाही, कुणाला उघडं पाडलं नाही. आजकाल मोबाईलवर जे विनोदवाले दिसतात ते समोरच्या एकाला धरून सोलतात. इथं सगळं गाव एकदम सोललं जातं, मग कुणाला लागत नाही.

साडेदहाच्या सुमाराला वारा सुटला.

आधी स्टेजचा मागचा पडदा फुगला. मग धूळ. मग पूर्वेला वीज चमकली, आवाज उशिरा आला. मैदानातल्या निम्म्या माना एकदम वर. कुणाचा कांदा रानात, कुणाचा गहू खळ्यावर, कुणाच्या चाळीवर पत्रा नाही. स्टेजवर खेडकरांनी वर पाहिलं. मग खाली आमच्याकडं पाहिलं. मग पुन्हा वर. बोलले काहीच नाहीत. त्या न बोलण्यावर जो हशा झाला तो त्या रात्रीचा सगळ्यात मोठा. मी पण हसलो, आणि हसता-हसता खिशातला मोबाईल थरथरला.

"इकडं टिपूस नाही अजून. पण वारं लई सुटलंय, कागद उडू राह्यले. मी आन् थोरला दगड ठेवू राह्यलो. तुम्ही या असं म्हणत नाही."

तिकडं टपोरे थेंब सुरू झाले. ढोलकीवाल्यानं पहिलं काम काय केलं असेल तर अंगातलं जाकीट काढून ढोलकीवर टाकलं. कातडं ओल धरलं की ढोलकी उतरते, मग रात्र वाया. हलगीवाला हलगी घेऊन स्टेजमागं गेला, स्वयंपाकाच्या चुलीत अजून निखारा होता. दोन गडी पडद्याच्या दोऱ्यांना लोंबकळले. फडाचीही रास उघड्यावरच होती की. पेट्या, कपडे, स्पीकर, आणि दोन वर्षांनी लागलेला हंगाम. रात्र मध्येच मोडली तर उरलेल्या सुपारीवरून वाद होतात, ते मी इतर गावांत पाहिलंय. मामा माझ्याकडं बघत होते, मी मामांकडं. लोक उठायला लागले. मोटारसायकली चालू झाल्याचा आवाज एकीकडून आला की दुसरीकडच्यांनाही सुचतं, तसं झालं. तिसरा हिस्सा तरी मैदान हललं.

थेंब दहा मिनिटांत थांबले. स्टेजवरचं गाणं मात्र थांबलंच नव्हतं, पेटी आणि झांज चालू होती, ढोलकीशिवाय. मग जाकीट निघालं, ढोलकीवर दोन थापा पडल्या, बोल अजून टिकून होता. गेलेल्यांतले काही फिरले.

मी फिरलो नाही. आईला न्यायला ट्रॉलीपाशी गेलो. "चल, पोळ उघडी पडली वाटतं."

"तू जा. पोळ तुझी हाये. माझा वग व्हायचाय अजून."

पंचेचाळीस किलोमीटर अंधारातून गेलो. सिन्नर ओलांडेपर्यंत रस्ता कोरडा होता, निफाडच्या अलीकडं ओला. पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. घरच्यांनी आणि थोरल्यानं बहुतेक कागद धरून ठेवले होते, अगदी अक्षरशः, ढिगांवर बसून. पातीखालची पोळ कोरडी होती. हिरव्या मानेचे बांधाकडचे सात-आठ ढीग भिजले. सकाळी ऊन आल्यावर ते पसरले, वाळवले, पण चाळीत घातले नाहीत. भिजलेला कांदा चाळीत घातला की काजळी धरतो, सडतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. तेवढा माल वेगळा ठेवून आठवड्यात विकला, मिळेल त्या भावानं. बाकीचा ऑगस्टपर्यंत टिकला.

आई दोन दिवसांनी आली. सकाळची हजेरीही बघून आली होती, कुस्त्यांच्या आधी होते ती. वग बारापर्यंत आटोपता घ्यावा लागला म्हणाली, लाऊडस्पीकरच्या वेळेमुळे. शेवटचा प्रवेश पळवला. हे आता सगळीकडंच चालू आहे. पूर्वी वग तांबडं फुटेपर्यंत चालायचा, आता पोलिस पाटील घड्याळ दाखवतो. मी त्या बाबतीत कुणाच्या बाजूनं बोलावं ते मला ठरवता येत नाही, कारण पहाटे पाचला बागेत जायचं असतं तेव्हा डीजेला शिव्या देणारा मीच असतो.

दुसरा एकर कापायला बसलो तेव्हा बायांच्या घोळक्यात आईही विळा घेऊन बसली आणि तिनं अख्खा वग सांगितला. प्रधानाचा आवाज, राणीचा आवाज, सोंगाड्याचा आवाज. विळा एका हातात, दुसऱ्या हातानं पात धरलेली, आणि मध्येच थांबून आधी मान फिरवायची, मग बोलायचं. ती थांबायची जागा अगदी बरोबर धरली होती तिनं. बायांचं काम मागं पडलं. मी काही बोललो नाही, मीही ओळीच्या टोकाला उगाच गोण्या नीट करत उभा होतो.

तो वग मी आजवर पाहिलेला नाही. आईकडून ऐकलाय तेवढाच.

मामांचा शब्द पाळला गेला. मैदान भरलं की नाही यावर कमिटीत वाद झाला, पोरं म्हणाली अर्ध्यातून लोक उठले, मामा म्हणाले ते आभाळानं उठवले. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणला. आईला मी विचारलं, जायचं का माहेरी जत्रेला. म्हणाली, "त्याला काय पाह्यचं? ते घरूनबी ऐकू येतं."

यंदा पद्मश्रीनंतर मामांनी पुन्हा विषय काढलाय. वर्गणी भावावर अवलंबून. लेट खरीप कुठं काय भावानं जाऊ राह्यला ते कमेंटमध्ये टाका. आणि चैत्रात तुमच्या तालुक्यात कुठं फड येणार असेल तर गाव आणि तारीख कळवा. बायांची बसायची सोय आहे का, तेही.